डाव कुणाबरोबर मांडायचा? बोर्ड गेम्सबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बोर्ड गेम्सबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि इतकी पत्रं, मेल आले की फार छान वाटलं. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण बऱ्याच जणांचे प्रश्न एकसारखेच होते त्यामुळे त्यातले काही निवडलेत.

प्रश्न : ताई, गणपतीत आमच्याकडे सगळे जमतात, चुलत मावस धरून दहाबारा जण होतात आणि मग कुणीतरी व्यापारचा डबा काढतं. सुरुवातीला मजा येते पण दोन तासांनी एक जण रुसतो, एखादं लहान पोर रडतं. यंदा तर माझे दीर आणि नणंदेचे मिस्टर विसर्जनापर्यंत एकमेकांशी नीट बोलत नव्हते. सासूबाई म्हणतात हा खेळच घराबाहेर काढा. काढू का? (डोंबिवली)

उत्तर : अहो खेळणं बंद नका करू, दहाबारा माणसं मोबाईल बाजूला ठेवून एकत्र बसतायत ही फार मोठी गोष्ट आहे. डबा बदला फक्त. आणि दिरांना किंवा जावईबापूंना दोष देऊ नका, कारण तो खेळ बनलाच आहे तसा. आपला व्यापार म्हणजे मोनॉपॉलीचा देशी अवतार, आणि मोनॉपॉलीचं मूळ आहे एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये. त्यांना लोकांना हेच दाखवायचं होतं की जमीन थोड्या लोकांच्या हातात गेली की ते गब्बर होतात आणि बाकीचे भाडं भरता भरता कंगाल होतात. त्यांनी दुसरेही नियम लिहिले होते, ज्यात एकाची भरभराट झाली की फायदा सगळ्यांना मिळायचा, पण १९३५ पासून पार्कर ब्रदर्सनी जो खेळ विकला त्यात फक्त दुसऱ्याला बुडवायचा भाग राहिला. म्हणजे तुमच्या घरी जे रुसवेफुगवे होतात तो त्या खेळाचाच परिणाम आहे.

खरी अडचण अशी आहे बघा, तासाभरात कोण जिंकणार हे सगळ्यांना कळलेलं असतं पण खेळ संपायला अजून दोन तास असतात, आणि जो आधी बाद होतो तो नुसता बसून राहतो. व्यापारच खेळायचा असेल तर आधीच ठरवा की दीड तासाने घंटा वाजली की थांबायचं आणि रोकड अधिक मालमत्ता मोजायची. दुसरं म्हणजे, मोनॉपॉलीच्या मूळ नियमांत कुणी जागा घेतली नाही तर तिचा तिथल्या तिथे लिलाव होतो, हे बहुतेक घरांत खेळतच नाहीत, त्याने खेळ बराच लवकर आटपतो. आणि दंडाचे पैसे पटाच्या मध्ये साठवून ते कुणालातरी द्यायचे ही जी घरगुती पद्धत आहे ती बंद करा, त्यामुळे बुडणारा माणूस उगाच तरंगत राहतो.

पण बारा जणांसाठी मी तरी दुसरंच सुचवेन. कोडनेम्स नावाचा खेळ आहे, व्लादा ख्वातिल या झेक माणसाने बनवलेला, २०१५ चा, आणि तो तुम्ही मराठीत घरीच बनवू शकता. पंचवीस चिठ्ठ्यांवर पंचवीस शब्द लिहा आणि पाच बाय पाच मांडा. दोन टीम, प्रत्येकीचा एक कप्तान, आणि दोन्ही कप्तानांपुढे एकच गुप्त नकाशा की कुठले शब्द कुणाचे. सुरू करणाऱ्या टीमचे नऊ, दुसरीचे आठ, सात कुणाचेच नाहीत, आणि एक काळा शब्द, त्याला हात लावला की टीम तिथेच हरली. कप्तानाने फक्त एक शब्द आणि एक आकडा बोलायचा, आपले किती शब्द त्याच्याशी जुळतात तो, आणि ते कुठले हे टीमने ओळखायचं. म्हणजे समोर 'हार', 'वर', 'पान', 'कर', 'माळ' असे शब्द पडलेत आणि कप्तान म्हणाला "लग्न, तीन", की टीममध्ये जी चर्चा सुरू होते, पान घ्यायचं की माळ घ्यायची, पंगतीचं पान म्हणाला असेल का वगैरे, ती ऐकत कप्तानाने चेहरा दगडासारखा ठेवून बसायचं, ते बघायलाच खूप मजा येते. सासूबाईंना कप्तान करा, जुन्या माणसांकडे शब्दांचा साठा आपल्यापेक्षा मोठा असतो. दीर आणि जावई एकाच टीममध्ये हवेत हे मात्र विसरू नका. वीस मिनिटांत डाव संपतो आणि कुणी बाद होत नाही.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दर शनिवारी चार मित्र घरी येतात आणि दार लावून चार चार तास डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतात. पट नाही, पत्ते नाहीत, नुसते कागद आणि विचित्र फासे. परवा तो आतून मालवणीत मोठमोठ्याने भांडत होता, मी घाबरून दार उघडलं तर म्हणतो बाबा मी बुटका योद्धा आहे आणि पुलावरच्या राक्षसाशी घासाघीस चाललीय. आम्ही मूळचे मालवणचे पण हा कधी घरी मालवणी बोलत नाही. जिंकायचं कसं विचारलं तर म्हणतो यात जिंकणं नसतंच. मग चार तास करतात काय? काळजी करू का? (ठाणे)

उत्तर : काका, मला तर तुमच्या मुलाचा हेवा वाटला. काळजी अजिबात करू नका.

तुम्ही मालवणचे आहात म्हणून तुम्हाला हे लगेच कळेल. जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक बघितलंच असेल. तिथे छापील संहिता नसते, आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण राजा कोण राक्षस ते ठरतं, आणि पुढचे संवाद नट रंगमंचावरच रचतात. समोरच्याने काय टाकलंय ते उचलून उत्तर द्यायचं. तुमचा मुलगा आणि त्याचे मित्र हेच करतायत, फरक इतकाच की प्रेक्षकही तेच आहेत आणि कथेला मध्येच फासे वळण देतात.

खेळ कसा चालतो ते सांगते. एक जण डंजन मास्टर असतो, तो जग उभं करतो, पूल, राक्षस, गावचा सराफ, पाऊस, सगळं तो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र. त्या कागदावर पात्राचे सहा गुण लिहिलेले असतात, ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप. तुमचा मुलगा म्हणाला की मी राक्षसाला गोड बोलून पटवतो, तर मास्टर म्हणतो टाक फासा, मग तो वीस बाजूंचा फासा पडतो, त्यात छाप पाडायच्या गुणाचे जे काही अधिक उणे असेल ते मिळवायचं आणि मास्टरने मनात ठरवलेला आकडा गाठला तर राक्षस पटला. नाही गाठला तर पटला नाही, पण गोष्ट थांबत नाही, उलट तिथूनच पुढे रंगते, आता राक्षस चिडलाय, पूल हलतोय, करा काय करायचं ते. मला या खेळातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच, फासा वाईट पडला तरी तुमची पाळी फुकट जात नाही, काहीतरी घडतंच, आणि महिन्याभराने मुलं आठवण काढतात ती बहुतेक अशा फसलेल्या डावाचीच.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा आणला. दोघंही त्याआधी सैन्याच्या छोट्या बाहुल्या मांडून लढाया खेळणारे, तिथून मग पूर्ण फौजेऐवजी एकेका माणसाची गोष्ट अशी ही कल्पना निघाली. १९८० च्या दशकात तिकडे पालकांमध्ये बरीच घबराट पसरली होती की मुलं यातून सैतानाच्या नादी लागतात, इंटरनेटवर शोधलंत तर ते जुनं काहीबाही सापडेल म्हणून आधीच सांगून ठेवते, त्यात तथ्य नव्हतं.

आता तुम्ही काय करायचं? दार उघडून "काय चाललंय" विचारू नका. जेवताना विचारा की तुझा तो बुटका योद्धा गेल्या शनिवारी पुलावर अडकला होता, त्याचं पुढे काय झालं. बस, मग ऐका, मध्ये शंका काढू नका. आणि मालवणीचं म्हणाल तर मला वाटतं त्याला घरी ती बोलायची लाज वाटत असेल, आपलं चुकेल, आईबाबा हसतील असं वाटत असेल, पण योद्ध्याच्या तोंडून बोलताना ती भीती उरत नाही. एखादा शब्द अडला तर तो तुमच्याकडे विचारायला येईल, येऊ दे. त्याने बोलावलं तर एखाद्या शनिवारी गावच्या म्हाताऱ्याचं छोटं काम करा, पण त्याने बोलावल्यावरच.

प्रश्न : मी हौसेने कटान घेतला, मैत्रिणींना बोलावलं, नियम समजावले आणि अर्ध्या तासाने बघते तर सगळ्या इन्स्टावर. माझं शिकवणं चुकतंय की त्यांना रसच नाही? (नागपूर)

उत्तर : रस असतो गं, पण नियम ऐकायला कुणालाच आवडत नाही, खेळायला आवडतं. पुस्तिका वाचून दाखवायची नाही. आदल्या दिवशी एकटीने बसून तिन्ही बाजूंनी तूच खेळून बघ म्हणजे अडतं कुठे ते कळेल. मग त्यांना पहिलं वाक्य सांग, "दहा पॉइंट आधी करेल ती जिंकली". दुसरं, पॉइंट घरं आणि शहरं बांधून मिळतात. तिसरं, फासे कुणीही टाकले तरी ज्या आकड्याला तुझं घर लागून आहे तो आकडा आला की तुला माल मिळतो, लाकूड, वीट, मेंढी, गहू किंवा खनिज. एवढ्यावर सुरू करायचं. सात आल्यावर चोर हलतो हे पहिल्यांदा सात पडेल तेव्हा सांग. डेव्हलपमेंट कार्डं कुणी विकत घेईल तेव्हा सांग.

मांडणीसाठी पुस्तिकेत नवख्यांसाठी तयार चित्र दिलेलं असतं तेच वापर, कारण पहिल्या जागा चुकल्या तर सबंध डाव रडतखडत जातो आणि नवीन माणसाला त्यातलं काय कळणार. आणि मुख्य म्हणजे देवाणघेवाण तू स्वतः मोठ्याने सुरू कर, "मला वीट द्या कुणीतरी, दोन मेंढ्या देते", बघ कशा सगळ्या पुढे सरकतात. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने १९९५ साली हा खेळ आणला, तेव्हा तो दातांच्या लॅबचा धंदा करायचा, आणि जगभर कटान एवढा चालला त्याचं मोठं कारण माझ्या मते हा बाजारच आहे, दुसऱ्याची पाळी असतानाही तुम्ही बोलत असता. त्यांची चाल मात्र तू सुचवायची नाही, विचारल्याशिवाय एकदाही नाही.

प्रश्न : आम्ही दोघंच असतो, मी बँकेतून रिटायर झालो, ही गोधड्या शिवते. संध्याकाळी रमीचा कंटाळा आलाय. इंग्रजी फारसं वाचावं लागणार नाही असं काही आहे का? (सांगली)

उत्तर : काकूंसाठी तर एक खेळ जणू मापाने शिवलाय. पॅचवर्क, उवे रोझेनबर्ग यांचा, २०१४ चा, फक्त दोघांसाठी. प्रत्येकापुढे नऊ बाय नऊ चौकटींचं कोरं कापड, आणि मध्ये गोल मांडलेले वेड्यावाकड्या आकाराचे तुकडे. बटणं देऊन तुकडा घ्यायचा आणि आपल्या कापडावर बसवायचा, शेवटी जेवढ्या चौकटी रिकाम्या राहतील त्या प्रत्येकीमागे दोन मार्क कमी. वाचायला जवळपास काही नाही, अर्धा तास पुरतो. काकू पहिल्याच दिवशी तुम्हाला हरवतील असं वाटतंय, कोपरे कसे भरायचे ते त्यांच्या हातालाच माहीत असणार. पण बटणांचा हिशोब आणि वेळेचा हिशोब सांभाळायचा असतो, मागे असेल त्याचीच पाळी येत राहते, तिथे बँकवाले तुम्ही.

शेजारचे कुणी तिसरे येत असतील तर सावंतवाडीची दशावतारी गंजिफा पण बघा. हाताने रंगवलेले गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा बारा म्हणजे एकशेवीस, तिघांना चाळीस चाळीस. निम्म्या अवतारांत आकड्यांचा क्रम उलटा असतो. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी आणि रात्री कृष्णाचा. सावंतवाडीच्या राजवाड्यात अजून बनतात.

प्रश्न : मी ड्युसेलडॉर्फला असतो. एसेनच्या खेळांच्या जत्रेला एकदा जावं का? (जर्मनी)

उत्तर : अरे इतक्या जवळ राहून अजून गेला नाहीस! ऑक्टोबरमध्ये चार दिवस असते, गुरुवार ते रविवार. जमलं तर गुरुवारीच जा कारण शनिवारी हॉलमध्ये चालणं मुश्कील होतं. तिकिटं आधीच काढ. तिथली खरी मजा विकत घेण्यात नाही, टेबलावर जागा रिकामी झाली की बसायचं आणि अनोळखी लोकांबरोबर डाव टाकायचा, बरेचदा खेळ बनवणारा माणूसच शिकवायला उभा असतो. घेताना आत जर्मनच नियम आहेत की इंग्रजीही ते बघून घे.

प्रश्न : कोकणातल्या पावसाळ्यात पत्ते दमट होऊन चिकटतात, डब्याला बुरशी येते. उपाय? (रत्नागिरी)

उत्तर : पत्त्यांना प्लास्टिकची स्लीव्ह घाला, मापं वेगवेगळी असतात तेव्हा पत्ता मोजून मग मागवा. डबा भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका, वरच्या फळीवर आडवा ठेवा. औषधांच्या बाटल्यांत, चपलांच्या खोक्यात सिलिका जेलच्या ज्या पुड्या येतात त्या टाकून न देता आत ठेवा, ओल धरली की बदला. आणि पावसाळ्यातही दर आठवड्याला डबा उघडून खेळा, बंद राहिलेल्या डब्यालाच बुरशी लवकर धरते.