अप्रभावी जनुक म्हणजे काम न करणारं जनुक का?

प्रश्न असा आहे की सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या एका बातमीत 'अप्रभावी जनुक' असं छापलं होतं, तर ज्याचा काही प्रभावच नाही त्याच्यामुळे माणूस आजारी कसा पडतो? आणि सोबत असंही विचारलंय की प्रभावी, अप्रभावी, रचनात्मक, नियामक असे जनुकांचे नेमके प्रकार किती.

शंका अगदी रास्त आहे, कारण 'औषध अप्रभावी ठरलं' म्हणजे औषधाने काही केलं नाही, हाच अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. जनुकांच्या बाबतीत मात्र तो अर्थ लावला की सगळंच चुकतं. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने १८६६ मध्ये वाटाण्याच्या प्रयोगांवर लेख छापला तेव्हा त्याने हे शब्द गुणांसाठी वापरले होते, उंच झाड आणि बुटकं झाड यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत उंचपणा दिसतो आणि बुटकेपणा मागे सरतो, एवढंच त्याला म्हणायचं होतं. जनुकांसाठी वापरणं त्याला शक्यच नव्हतं, कारण 'जीन' (म्हणजे जनुक) हा शब्दच योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये काढला. पुढे गुणांचं विशेषण जनुकांना चिकटलं आणि मराठीत 'मागे सरणारा' याचं 'अप्रभावी' झालं, जो शब्द मला तरी अजिबात पटत नाही.

आता सिकलसेलच घ्या. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती, एक आईकडून एक वडिलांकडून. (गुणसूत्र आणि जनुक एकच समजू नका, गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांब धागा आणि जनुक म्हणजे त्यावरचा एक तुकडा, एकेका गुणसूत्रावर शेकड्याने जनुकं असतात.) ११ नंबरच्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचं जनुक आहे, त्यातून हिमोग्लोबिनचा, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रोटीनचा एक भाग तयार होतो. त्या जनुकात एका ठिकाणी डीएनएच्या चार अक्षरांपैकी 'ए' च्या जागी 'टी' आलं की प्रोटीनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, आणि मग ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे बनवतं आणि तांबडी पेशी वाकून विळ्यासारखी होते. दोन्ही प्रती अशा असतील तर माणूस सिकलसेल ग्रस्त, एकच असेल तर वाहक, म्हणजे आपल्याकडे विदर्भात किंवा नंदुरबारकडे लोक 'एसएस पॅटर्न' आणि 'एएस पॅटर्न' म्हणतात ते.

खरी गंमत वाहकात आहे. त्याला सहसा काही त्रास नसतो म्हणून ती प्रत 'अप्रभावी', पण त्याच्या रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस टेस्ट (विजेच्या साहाय्याने प्रोटीन वेगळी करून बघणं) केली तर दोन्ही हिमोग्लोबिनचे वेगवेगळे पट्टे स्वच्छ दिसतात, आणि सिकलवालं हिमोग्लोबिन साधारण ३५ ते ४० टक्के निघतं! म्हणजे ती प्रत गप्प बसलेली नाहीये, रोज प्रोटीन बनवतेय. शिवाय अशा वाहकांना फाल्सिपारम या जास्त घातक प्रकारच्या मलेरियाच्या गंभीर आजारापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, आणि त्याला एक प्रत पुरते. आता बघा, आजाराच्या दृष्टीने तीच प्रत अप्रभावी, प्रोटीनच्या दृष्टीने सहप्रभावी (दोन्ही प्रतींचा परिणाम एकदम दिसतो) आणि मलेरियाच्या दृष्टीने चक्क प्रभावी. म्हणून मी म्हणतो की हा जनुकाचा प्रकार नाहीच, आपण कुठला गुण मोजतोय त्यानुसार दोन प्रतींचं जे नातं दिसतं त्याला दिलेलं ते नाव आहे.

मग खरे प्रकार कुठले, तर ते कामावरून पडतात, आणि त्यासाठी लांब जायची गरज नाही, त्याच ११ नंबरवर बीटाच्या आजूबाजूला बघितलं तरी बरेच सापडतात. तिथे ओळीने एप्सिलॉन, मग दोन गॅमा, मग डेल्टा आणि शेवटी बीटा अशी सख्खी भावंडं आहेत, आणि ती साधारण त्याच क्रमाने कामाला लागतात: गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत एप्सिलॉन, नंतर जन्मापर्यंत गॅमा, आणि जन्मानंतर काही महिन्यांत बीटा सगळा भार घेतं, डेल्टा थोडंसंच करतं. गॅमा आणि डेल्टाच्या मधे एक असंही आहे जे दिसतं भावंडांसारखंच पण त्याच्यापासून प्रोटीन काही बनत नाही, त्याला छद्मजनुक म्हणतात. 'काम न करणारं' हे वर्णन करायचंच असेल तर ते याचं करा.

आता गॅमा बंद कोण करतं? २ नंबरच्या गुणसूत्रावर बीसीएल११ए नावाचं जनुक आहे, त्याचं प्रोटीन येऊन गॅमाला दाबून ठेवतं. हे नियामक जनुक. २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने कॅसजेव्ही नावाच्या ज्या उपचाराला मंजुरी दिली त्यात बिघडलेल्या बीटाला हातच लावत नाहीत, रक्त बनवणाऱ्या पेशींमध्ये या बीसीएल११एचं बटण क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापायच्या तंत्राने कापतात, की मग गॅमा परत सुरू होतं. मला हे वाचून खूप भारी वाटलं होतं, अजूनही वाटतं.

रचनात्मक आणि नियामक ही जोडी जाकोब आणि मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांच्या १९६१ च्या कामातून आली. ई. कोलाय जिवाणूला दुधातली साखर मिळाली तरच तो ती पचवणारी एन्झाइम्स बनवतो, तर एन्झाइम बनवणारी ती रचनात्मक आणि त्यांना एरवी बंद ठेवणारं ते नियामक. त्यामुळे 'रचनात्मक' वाचून शरीराची रचना करणारी, हाडं-स्नायू बनवणारी असं समजू नका, परीक्षेत हमखास असं लिहिलं जातं. याशिवाय काही जनुकं प्रोटीन बनवतच नाहीत, त्यांचा आरएनएच (जनुकाची नक्कल) कामाचा असतो. काही प्रत्येक पेशीत कायम चालू असतात, त्यांना सगळे हाउसकीपिंग जीन्सच म्हणतात. आणि मॅक्लिंटॉक या शास्त्रज्ञ बाईंनी मक्यात शोधलेले जागा बदलणारे तुकडे, ज्यांना उड्या मारणारी जनुकं म्हणतात, आणि ज्यांच्यासाठी बाईंना १९८३ चं नोबेल मिळालं, तो वेगळाच मोठा विषय आहे. तेव्हा 'एकूण किती' याला एक आकडा नाही, माणसात प्रोटीन बनवणारी जनुकं २० हजारांच्या आसपास आहेत आणि एकच जनुक दोन-तीन खान्यांत बसू शकतं. बीसीएल११ए स्वतः प्रोटीन बनवतं आणि नियामकही आहेच की.

असाच अजून एक प्रयोग खटकतो तो म्हणजे 'तिच्यात बीआरसीए१ हे कॅन्सरचं जनुक सापडलं'. अहो ते सगळ्यांमध्येच असतं, डीएनएची मोडतोड दुरुस्त करायला मदत करणं हे त्याचं काम. बिघडलेली प्रत मिळाली तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून 'बीआरसीए१ मध्ये बिघाड सापडला' असं लिहावं. आणि सिकलसेलच्या बातमीत अप्रभावी वगैरे न लिहिता सरळ लिहावं की दोन्ही प्रती सिकलच्या असतील तर आजार होतो, आणि नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते, पहिलं मूल निरोगी झालं तरी दुसऱ्या वेळी ती तेवढीच राहते.