शोकांतिका की शोकात्मिका? आणि ‘दोष’ की ‘चूक’?

प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं ‘राजा ओयदिपौस’ अभ्यासाला असलेल्या एका विद्यार्थिनीने दोन शंका विचारल्या आहेत. ट्रॅजेडीला शोकांतिका म्हणायचं की शोकात्मिका? आणि ‘हमार्तिया’ म्हणजे नायकाचा स्वभावदोष असं गाइडमध्ये दिलंय, ते बरोबर आहे का?

पहिलीचं उत्तर सोपं आहे. शोकांतिका या शब्दात सगळा भार शेवटावर पडतो. पण ग्रीकांच्या सगळ्याच ट्रॅजेडी रडत संपत नाहीत. सोफोक्लिसच्याच ‘फिलोक्टेटिस’मध्ये बेटावर टाकून दिलेला जखमी नायक शेवटी बरा व्हायला ट्रॉयकडे निघतो, तरी ती ट्रॅजेडीच. शोक हा जिचा आत्मा, ती शोकात्मिका. म्हणून समीक्षेत हा शब्द अधिक नेमका. ‘हीच तर आपली शोकांतिका आहे’ हे बोलण्यात, बातमीत खुशाल असू द्या, पण उत्तरपत्रिकेत शोकात्मिका लिहा.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथे एका शब्दापायी अख्खं नाटक चुकीचं वाचलं जातं. ‘हमार्तिया’च्या मुळाशी जे क्रियापद आहे, ते होमरकडे फेकलेल्या भाल्याचा नेम चुकण्यासाठी येतं. आता मराठी कशी बोलते ते पाहा: दोष असतो, चूक होते. दोष माणसात मुरलेला असतो, चूक त्याच्या हातून घडते. ओयदिपौस तापट आहे, हे खरं. पण तिठ्यावर वाट अडवणारा म्हातारा आपला बाप आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. नेम धरला एकीकडे, भाला लागला भलतीकडे. ट्रॅजेडीची मीमांसा करणारा ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलही स्पष्ट सांगतो की नायक दुष्टपणामुळे नव्हे, हमार्तियामुळे कोसळतो. तेव्हा ‘प्रमाद’ म्हणा, नाहीतर सरळ ‘चूक’ म्हणा. ‘स्वभावदोष’ मात्र नको.

बाकीच्या संज्ञांची घोकंपट्टी करण्यापेक्षा कोरिंथच्या दूताचा प्रवेश सावकाश वाचा. दूत येतो तो आनंदाने. ओयदिपौस ज्याला बाप समजतो तो कोरिंथचा पॉलिबस राजा वारला, आता तिथलं राज्य तुझं. पण ‘तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील’ या भाकिताची धास्ती घेतलेला ओयदिपौस म्हणतो, आई अजून जिवंत आहे, मी तिकडे येणार नाही. त्याची भीती घालवायला दूत सांगून टाकतो की ती तुझी आई नव्हेच, घोटे टोचलेलं तान्हं मूल मीच त्यांच्या हाती दिलं होतं. धीर द्यायला उच्चारलेलं वाक्य, आणि त्यानेच सगळं उलटतं. हा विपर्यय. योकास्ता, त्याची बायको आणि खरी आई, तिथेच उभी आहे. तिला त्याच्याआधी उमगतं. पुढे काही विचारू नकोस म्हणून ती त्याला विनवते आणि आत निघून जाते. पुढे म्हाताऱ्या मेंढपाळाच्या तोंडून त्यालाही कळतं. हे अभिज्ञान, म्हणजे ओळख पटणं. हा शब्द आपण ‘अभिज्ञानशाकुंतला’त भेटलेला आहे. तिथे अंगठी पाहून दुष्यंताला आठवतं आणि तुटलेलं जुळायची वाट मोकळी होते. इथे ओळख पटते आणि घर उद्ध्वस्त होतं. शब्द एकच, काम अगदी उलटं. दोन्ही शेजारी ठेवून वाचलीत तर ही संज्ञा विसरायची नाही.

‘कॅथार्सिस’ला, म्हणजे नाटक पाहताना भावनांचा निचरा होण्याला, मराठीत विरेचन म्हणतात, आणि मला ही निवड फार आवडते. विरेचन हे आपल्या पंचकर्मांतलं एक, आणि कॅथार्सिस हा शब्दही ग्रीक वैद्यांच्या वापरातला. नाटकात ते करुणा आणि भीती या दोन भावनांच्या वाटेने होतं. ज्याने आपत्ती स्वतः ओढवून घेतलेली नाही त्याच्याबद्दल करुणा वाटते, आणि तो आपल्यासारखाच आहे म्हणून भीती. ओयदिपौसच्या माथी दोष मारलात की ‘भोग आपल्या कर्माची फळं’ म्हणून मोकळं होता येतं. मग करुणा कुठून येणार?