आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढतात, मग अणू लहान का होतो?

कारण वाढणारे इलेक्ट्रॉन नव्या कवचात जात नाहीत. एका आवर्तात, म्हणजे आडव्या ओळीत, बाहेरचं कवच तेच राहतं, पण केंद्रकात दर घराला एक प्रोटॉन वाढतो. एकाच कवचातले इलेक्ट्रॉन एकमेकांना केंद्रकाच्या ओढीपासून फारसे झाकू शकत नाहीत, त्यामुळे सगळेच आत खेचले जातात. लिथियमची त्रिज्या सुमारे 152 पिकोमीटर, तर त्याच ओळीतल्या ऑक्सिजनची जेमतेम 66!

गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, खाली उतरलं की उलट. दर पायरीला नवं कवच, म्हणून अणू मोठा आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल. सोडियमपेक्षा पोटॅशियम पाण्यात जास्त भडकतं ते यामुळेच.

एवढं पक्कं झालं की आयनन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा), विद्युतऋणता (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायची ताकद), धातुगुण वेगळे घोकायची गरज नाही. सगळं या ओढाताणीतूनच निघतं.

पण एक खोड लक्षात ठेवा, परीक्षेत हमखास विचारतात: ऑक्सिजन नायट्रोजनच्या उजवीकडे असूनही त्याची पहिली आयनन ऊर्जा नायट्रोजनपेक्षा कमी आहे. नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचातल्या तिन्ही पी-कक्षकांत (प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन मावतील अशा जागांत) एकेकच इलेक्ट्रॉन असतो. ऑक्सिजनमध्ये चौथ्याला जोडी करावी लागते, त्यांच्यात प्रतिकर्षण होतं आणि एक सहज सुटतो.