घुमणे, घुमट आणि घणसोलीच्या आई

घणसोलीचे एक तरुण वाचक रात्री दिवे मालवून, कानांवर हेडफोन चढवून 'डार्क ॲम्बियंट' नावाचे प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकतात. त्यात ठेका नसतो, चाल नसते; एखादा खोल स्वर मिनिटेच्या मिनिटे रेंगाळतो आणि कधी विरला तेही कळत नाही. परवा त्यांच्या आई वैतागून म्हणाल्या, "रात्रभर काय घुमत बसतोस?" आईंचा हा शब्दप्रयोग बरोबर आहे का, आणि या संगीतप्रकाराला मराठीत 'गूढ संगीत' म्हणता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

आईंचे बरोबर आहे, आणि ते इतक्या बाजूंनी बरोबर आहे की दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याची मला मुळीच घाई नाही.

मात्र आधी बरेच दिवस साचलेली एक तक्रार नोंदवतो. ठाणे-वाशी लोकलमध्ये हल्ली चांगली मराठी घरातली मुलेमुली "शनिवारी येऊरला घुमायला जाऊ" किंवा "पामबीचवर घुमून आलो" असे खुशाल बोलतात. मराठी माणूस फिरतो, हिंडतो, भटकतो, उंडारतो, फेरफटका मारतो. एवढे सगळे हाताशी असताना हिंदीतला 'घूमना' उचलून त्याला मराठी प्रत्यय डकवण्याची गरज कोणाला आणि का पडावी, हे मला उमगलेले नाही. मराठीत घुमतो तो पारवा, घुमते ती गाभाऱ्यातली घंटा, आणि घुमते ते अंगात वारे आलेले माणूस. येऊरला जाऊन कोणी खरोखरच घुमू लागले, तर सोबतच्यांनी त्याला वेळीच घरी आणलेले बरे.

आता मूळ शब्दाकडे येतो. 'घुम्' असा आवाज होतो म्हणून घुमणे, अर्थात हा अनुकरणवाचक शब्द आहे, असे सांगून अनेक जाणकार मोकळे होतात. ज्या शब्दाचे मूळ शोधण्याचा कंटाळा येतो त्यावर 'अनुकरणवाचक' अशी चिठ्ठी चिकटवायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. बाराव्या शतकातील हेमचंद्रांनी आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचा विचार केला आहे, आणि तिथे संस्कृत 'घूर्ण्', म्हणजे गरगर फिरणे, या धातूच्या जागी प्राकृतात येणारी जी रूपे दिली आहेत, त्यांत 'घुल' आणि 'घोल' यांच्या जोडीला 'घुम्म' हे रूप स्पष्ट दिलेले आहे. 'घोल' आपल्याकडे 'घोळणे' होऊन राहिला. 'घुम्म' हिंदीत 'घूमना' झाला आणि त्याने फिरण्याचा अर्थ जपला. मराठीत तो 'घुमणे' झाला आणि फिरण्याचे काम पायांकडून काढून त्याने आवाजाकडे सोपवले. घुमणारा आवाज सरळ कानात शिरत नाही. तो भिंतीवर आपटतो, छताला लागून उलटतो, खोलीभर फिरतो आणि मग कोणत्याही एका दिशेने आला असे न वाटता आपल्यापर्यंत पोचतो.

हे केवळ माझ्या कल्पनेचे खेळ आहेत असे ज्यांना वाटते, त्यांनी नवरात्रातल्या अष्टमीला घागरी फुंकण्याचा कार्यक्रम एकदा पाहावा. लहानपणी आईचे बोट धरून नौपाड्यातल्या एका सभागृहात मी तो पाहिला आहे. तांदळाच्या उकडीचा मुखवटा केलेली महालक्ष्मी समोर उभी असते, घागर उदाच्या धुरावर धरून धुपवतात, आणि मग ती दोन्ही हातांनी तोंडाशी धरून बायका तिच्या काठावरून फुंकर घालत फेर धरतात. घागरीच्या पोटातली हवा थरथरते आणि एक जाड, खर्जातला हुंकार उमटतो. पोट जितके मोठे तितका स्वर खाली. बराच वेळ असे चालले की एखादीच्या अंगात येते, तिचे केस सुटतात, मान गोल फिरू लागते आणि घागरीतला हुंकार आता घागरीतून येतो आहे की तिच्या छातीतून, हे कळेनासे होते. त्या वेळी शेजारच्या आजीबाई एकच शब्द उच्चारतात : "घुमायला लागली." त्या शब्दात फिरणे आणि नाद यांची वाटणी झालेलीच नाही. अनुकरणवाद्यांनी याचे उत्तर द्यावे. आवाजाची नुसती नक्कल करणाऱ्या शब्दाने गोल फिरणारी मान कुठून आणली?

(जो मनातले काहीच बाहेर काढत नाही तो 'घुम्या'. त्याचा आवाज आतल्या आत फिरत राहतो, असे मी समजतो. त्यावर वाद घालायला मी आज तयार नाही.)

आता मला ज्याने खरा आनंद दिला ते सांगतो. 'ॲम्बियंट' हा शब्द लॅटिनमधल्या 'आम्बिरे' या क्रियापदावरून आला आहे. 'आम्बि' म्हणजे सभोवती आणि 'इरे' म्हणजे जाणे. यातला 'आम्बि' हा आपल्या 'अभि'चा सख्खा चुलतभाऊ आहे, आणि शाळेत 'ग्रामम् अभितः वृक्षाः सन्ति' हे द्वितीयेचे उदाहरण ज्यांनी घोकले आहे त्यांना तो सहज ओळखू येईल. तेव्हा 'ॲम्बियंट'चा धात्वर्थ सभोवार फिरणारे, आणि 'घुमणे'च्या मुळाशीही फिरणेच. रोममधून निघालेला शब्द आणि प्राकृतातून निघालेला शब्द एकमेकांना न विचारता फिरण्यापासून निघाले आणि नादापाशी येऊन थांबले. घणसोलीच्या आईंनी हेमचंद्र वाचलेला नसेल, पण त्यांनी 'ॲम्बियंट'चे जे भाषांतर केले ते माझ्या माहितीतल्या सगळ्या पारिभाषिक शब्दांपेक्षा नेमके आहे. 'वातावरणीय संगीत' हा त्यासाठी सुचवला जाणारा शब्द मी वाचला आहे. वातावरणीय असतो तो दाब, आणि तो हवामानखात्याकडे राहू द्यावा.

याच ओघात 'घुमट'. हा शब्द फारसी 'गुंबद'वरून आला, हे निर्विवाद आहे, आणि तो सरळ 'घुमणे'वरून बनला असे सांगणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण 'गुंबद' म्हणून एकदा हात झटकले की 'ग'चा 'घ' का झाला, हे कोणी सांगत नाही. माझे मत असे की परका शब्द मराठीच्या दारात आला तेव्हा त्याखाली उभे राहून कोणीतरी हाक मारली, ती घुमली, आणि लोकांनी त्याला 'घुमट' करून आपल्यात घेतले. विजापूरच्या १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या गोल घुमटाच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेला शब्द पलीकडच्या टोकाला ऐकू येतो. तिथे उभे राहून 'गुंबद' म्हणणे मराठी जिभेला शक्यच नव्हते. गोव्यातले घुमट हे वाद्य तर मातीचे मडके आहे, छत नव्हे, तरी नाव तेच. एका मित्रांनी माझ्यावर 'घमेले' फेकले : पोर्तुगीज 'गामेला'चे घमेले होताना 'ग'चा 'घ' झालाच की, तिथे कोण घुमत होते? आक्षेप सशक्त आहे. घमेल्यात घामाचा हात असावा, असे मी त्यांना उत्तर दिले. ते हसले, पण त्यांना ते पटले नाही, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही ते अर्धेच पटले आहे.

प्रश्नकर्त्यांनी पाठवलेली एक रचना मी ऐकली. पहिली सात-आठ मिनिटे मागे एक मंद घुमणे चालू होते, ते मला फार आवडले, आणि हेडफोन काढल्यावर लक्षात आले की आमच्या इमारतीच्या डक्टमध्ये पारवे बसले होते. हा विनोद समजू नये. १९७८ मध्ये संगीतकार ब्रायन ईनो यांनी विमानतळासाठी केलेल्या संगीताला 'ॲम्बियंट' म्हटले तेव्हा ते जितके लक्षवेधी तितकेच दुर्लक्ष करण्याजोगे असावे अशीच त्यांची कल्पना होती, म्हणजे पारव्यांना त्यात आधीपासून जागा आहे. 'डार्क' शाखेने मात्र दुर्लक्ष करण्याची सोय काढून घेतली. लस्टमॉर्ड या नावाने काम करणारे ब्रायन विल्यम्स यांनी तळघरांत आणि गुहांत जाऊन ध्वनिमुद्रण केले. संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरॉस या 'डार्क' शाखेच्या नव्हेत, पण त्या १९८८ मध्ये आपला ॲकॉर्डियन घेऊन अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका रिकाम्या भूमिगत टाकीत उतरल्या. तिथे एकदा काढलेला स्वर सुमारे ४५ सेकंद विरत नाही. ४५ सेकंद म्हणजे गायकाला आपल्याच मागच्या पाच-सहा श्वासांबरोबर गावे लागणार. ती टाकी म्हणजे जमिनीखालची घागरच की.

राहिला 'गूढ'चा प्रश्न. 'गुह्' म्हणजे लपवणे, त्यावरून गुहा, गुह्य आणि गूढ. वर सांगितलेल्या गुहांमुळे शब्द ओढूनताणून बसेल, परंतु या संगीतात लपवलेले काही नाही, जे आहे ते सगळे कानावर आदळते. शिवाय मालिकांच्या जाहिरातींनी 'गूढ'ला आता भुताखेतांच्या दावणीला बांधून टाकले आहे. 'डार्क ॲम्बियंट' हे प्रकाराचे नाव आहे, जसे खयाल किंवा ठुमरी. ते देवनागरीत तसेच लिहावे आणि ते काय करते हे सांगताना 'घुमते' म्हणावे. 'गूढ' लिहायचेच असेल तर ग-ला दीर्घ ऊकार द्यावा. प्रश्नकर्त्यांच्या पत्रात तो दोनदा ऱ्हस्व झाला आहे.

आणि एक विनंती. त्यांच्या आईंचे माहेर राजापूरकडचे आहे असे पत्रात ओझरते आले आहे. त्या भागात भोवऱ्याच्या फिरण्याला 'घुमणे' म्हणत असत का, हे त्यांनी आईंना विचारून कळवावे. फिरणे आणि नाद एकाच वस्तूत सापडण्याचे ते आणखी एक ठिकाण आहे, आणि होकार आला तर घमेलेवाल्या मित्रांना मी त्याच संध्याकाळी फोन करणार आहे.