वाकळेला चारी बाजूंनी पट्टी लावली की कडा फुगतात, काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की जुन्या साड्यांच्या ठिगळांचा वरचा थर छान सपाट होता, पट्टी लावल्यावर कडा पापडासारख्या वळल्या आणि इस्त्रीनंही जात नाहीत. जाणारच नाहीत. कडेला कापडच जास्तीचं लागलंय, ते इस्त्री कुठं लपवणार?

बहुतेक तुम्ही लांब पट्टी घेऊन कोपऱ्यापासून शिवत गेलात आणि उरलेली शेवटी कापली. अंबाजोगाईत मी पहिल्या दोन वाकळा अशाच बिघडवल्या. कडेची ठिगळं हाताळून सैल होतात, त्यात एखादं उरेप, म्हणजे तिरकं कापलेलं असलं तर बघायलाच नको. शिवाय मशीनचे सुईखालचे दात खालचं कापड पुढं ओढतात आणि वरचं मागं रेंगाळतं. पट्टी खाली धरली असेल तर तीच जादा आत गेली.

माझ्या आजीकडं टेप नव्हता. ती वाकळ ओसरीवर पसरायची, पट्टी वाकळेच्या पोटावरून, म्हणजे अगदी मधोमध, न ओढता या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरायची आणि तिथंच कात्री लावायची. कडेला धरून तिनं कधी मापली नाही. टेपनं करायचं तर मधोमध एक आणि दोन्ही बाजूंना कडेपासून वीतभर आत एकेक, अशी तीन मापं घेऊन सरासरी काढा. माझ्या परवाच्या वाकळेची कड ८६ इंच भरली आणि पोट ८४. दोन्ही पट्ट्या ८४ च्याच कापल्या.

मग पट्टी आणि वाकळेची कड दोन्ही घडी घालून मध्यावर नि पाव-पाव भागांवर खडूनं खुणा करा, खुणेला खूण टाचा. दोन इंचांचा फरक चार भागांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला अर्धाच इंच येतो. शिवताना पट्टी वर, वाकळ खाली. सैल बाजू दातांकडं असली की दात ती आपोआप आत घेतात. फरक चार-पाच इंचांचा असेल तर मात्र पट्टीच्या जिवावर राहू नका, कडेजवळच्या ठिगळांच्या शिवणी थोड्या खोल घ्या. आधी उभ्या दोन बाजू लावा, मग त्या पट्ट्यांसकट रुंदी पुन्हा मधूनच मोजा.

पट्टी साडीच्या लांबीकडून कापा. लांबीत ताणा, म्हणजे उभे धागे असतात, ते बाण्यापेक्षा, म्हणजे आडव्या धाग्यांपेक्षा कमी ताणतात. नऊवारीतून ८४ इंचांची पट्टी जोड न देता निघते. इरकलीचे काठ लावायचा मोह मलाही होतो, पण तिचं अंग सुती आणि काठ रेशमी किंवा नकली रेशमाचा. धुतल्यावर दोन्ही सारखे आटत नाहीत, आणि सगळी मेहनत चुण्यांत जाते. कोरं कापड असेल तर आधी एकदा धुऊन वाळवा.

लावलेली पट्टी वाया गेलेली नाही. दर चौथा-पाचवा टाका कापा, दुसऱ्या बाजूनं दोरा अलगद निघतो. पट्टी हातानं फाडून ओढू नका. निघाल्यावर पाण्याचा हबका मारून इस्त्री वरून नुसती दाबा, घासू नका, मग पोटावर अंथरून कापा.