डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आईवडिलांना सांभाळणाऱ्याचं मनःस्वास्थ्य, म्हातारपणाकडे तो कसं पाहतो यावर अवलंबून असतं का?

बऱ्यापैकी असतं, पण सगळं काही त्यावरच ठरत नाही. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांच्या २००२ सालच्या अभ्यासात, स्वतःच्या वार्धक्याबद्दल चांगलं मत असलेली माणसं साधारण ७.५ वर्षं जास्त जगलेली दिसली. (अर्थात हे सर्वसाधारण लोकांबद्दल, खास सांभाळणाऱ्यांबद्दल नव्हे.)

सांभाळणाऱ्याचा पेच वेगळा असतो. आई एकच प्रश्न पाचव्यांदा विचारते, आणि नेमका त्याच वेळी आपला चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही. पोटात गोळा येतो: ‘माझंही असंच होणार.’ म्हातारपण म्हणजे निव्वळ ऱ्हास, हे ज्याच्या मनात पक्कं बसलंय त्याला रोजच्या सेवेत स्वतःचं भविष्य दिसतं. थकव्यात भीतीची भर. वास्तविक डिमेन्शिया मेंदूच्या आजारांमुळे होतो, वय झालं की तो होतोच असं नाही. हे नीट उमगलं की ‘आई मुद्दाम छळते’ हा रागही जरा निवळतो.

उलटही खरं आहे. रात्र रात्र जागरण झालं की कुणालाही म्हातारपण भयाणच वाटेल. अशा माणसाला ‘सकारात्मक राहा’ सांगणं मला तरी क्रूर वाटतं. त्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन तास त्याच्या जागी बसा. आणि ‘वय झालं, चालायचंच’ म्हणत डॉक्टरांना दाखवायचं राहून गेलं, तर थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांसारखी विसरण्यामागची उपचार होण्याजोगी कारणंही हातून निसटतात.