गॉस्पेल संगीताचा बायबलशी नेमका संबंध काय, आणि आमच्या क्वायरने गायलं की ते गॉस्पेल का वाटत नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गॉस्पेल हे पवित्र शास्त्रातून आलं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संस्कृतीतून, ही एक. आणि तुमच्या तरुण संघाने नाताळसाठी गाणं बसवलं, सूर नीट लागतात, तरी ऐकताना ते सपाट का वाटतं, ही दुसरी. माझ्या मते दोन्हींचं उत्तर एकच आहे. गॉस्पेलमध्ये वचन शब्दांत असतं तितकंच गाण्याच्या घडणीतही असतं. शब्द उचलले आणि घडण मागे राहिली, तर हाती साधं भक्तिगीत उरतं.

आधी नावांचा घोळ सोडवू, कारण नेटवर सगळं एकाच नावाखाली मिळतं. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गॉस्पेल म्हणून रचलेलं गाणं नाही. ते इंग्लंडमधल्या जॉन न्यूटन या पाळकाचं गीत आहे. 1 जानेवारी 1773 च्या उपासनेसाठी, बायबलमधल्या ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायातल्या दावीदाच्या प्रार्थनेवरून त्याने ते लिहिलं. न्यूटन पूर्वी गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर कप्तान होता. आज सगळे म्हणतात ती चाल या शब्दांना 1835 साली अमेरिकेत जोडली गेली. दुसरा प्रकार स्पिरिच्युअल. ही गुलामगिरीत जन्मलेली, कर्त्याचं नाव नसलेली गाणी. 1871 मध्ये नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे ज्युबिली सिंगर्स पैसे उभारण्यासाठी दौऱ्यावर निघाले आणि ही गाणी जगापुढे आली. ‘ज्युबिली’ हा शब्दही बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायातला: पन्नासावं वर्ष, दासांना मोकळं करण्याचं. आज ज्याला आपण गॉस्पेल म्हणतो ते या दोन्हींनंतरचं. ते विसाव्या शतकातलं आहे, शहरातलं आहे, पियानो-ऑर्गनवरचं आहे आणि त्याचे रचनाकार माहीत आहेत.

स्पिरिच्युअल आणि गॉस्पेल यांतला फरक ‘कोण बोलतंय’ यावरून चटकन कळतो. स्पिरिच्युअलमध्ये मोशे, दानिएल, यहोशवा, यहेज्केलची वाळलेली हाडं ही मंडळी भेटतात. दानिएलाला सोडवणारा देव आम्हाला का सोडवणार नाही, हा त्यामागचा सवाल. गॉस्पेलमध्ये ‘मी’ येतो: माझ्यासाठी देवाने काय केलं ते ऐका. स्तोत्र 66 च्या 16 व्या वचनात नेमकं हेच आमंत्रण आहे. म्हणजे गॉस्पेल हे मुळात साक्ष देणं आहे, आणि साक्ष द्यायला समोर ऐकणारा लागतो. इफिसकरांस पत्राच्या 5:19 मध्ये पौल स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक गायनं ही एकमेकांना म्हणायला सांगतो. त्यातला ‘एकमेकांना’ हा शब्द बहुतेक क्वायर विसरतात. वहीत डोळे घालून गाणारा क्वायर कोणालाच काही सांगत नसतो.

घडण आली ती ऐकीव परंपरेतून. 1739 च्या स्टोनो उठावानंतर साउथ कॅरोलायनाने 1740 मध्ये कायदा करून गुलामांना ढोल वाजवायला बंदी केली आणि त्यांना लिहायला शिकवणं हा गुन्हा ठरवला. ताल मग हातांत आणि पायांत उतरला, वचन कानावाटे पाठ झालं. गीतांची पुस्तकं वाचता न येणाऱ्या मंडळीत एकजण ओळ सांगायचा आणि बाकीचे ती लांबवून, वळणं घेत गायचे. कीर्तनात बुवा पद टाकतात आणि झिलकरी झील धरतात, ते ज्याने ऐकलंय त्याला हे समजावून सांगायला नको. शास्त्रातही याचा नमुना आहे. स्तोत्र 136 उघडून पाहा. 26 वचनं आहेत आणि 26 ही वेळा शेवट तोच, ‘त्याची दया सनातन आहे’. वाचताना कंटाळा येतो, कारण ते वाचण्यासाठी नाहीच. पहिला भाग एकाने म्हणायचा, दुसरा सगळ्यांनी.

वाद्यांवरून मात्र बरीच भांडणं झाली. जुन्या, प्रतिष्ठित मंडळ्यांना ड्रम आणि ब्लूजची (कृष्णवर्णीयांच्या चर्चबाहेरच्या, सुखदुःखाच्या गाण्यांची) वळणं चर्चमध्ये नको होती. 1906 मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सिमोर यांच्या नेतृत्वाखाली संजीवनाच्या, म्हणजे श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या, सभा सुरू झाल्या, आणि त्यातून पसरलेल्या पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या) मंडळ्यांनी स्तोत्र 150 शब्दशः घेतलं: डफ, तंतुवाद्यं, झणझणणाऱ्या झांजा, नाच, सगळं काही. (केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 सालीच असं संजीवन झालं होतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.) याच मंडळ्यांतून अरिझोना ड्रेन्स ही अंध पियानोवादक आली, जिची ध्वनिमुद्रणं 1926 पासूनची आहेत, आणि गिटार घेऊन गाणारी सिस्टर रोझेटा थार्पही.

शिकागोचे टॉमस डॉर्सी पूर्वी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवायचे. 1932 मध्ये त्यांची पत्नी बाळंतपणात वारली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्यांनी ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ लिहिलं. चाल एका जुन्या गीताची, वळणं ब्लूजची. शब्द हात धरण्याची विनवणी करतात आणि मला त्यात नेहमी स्तोत्र 73 चं 23 वं वचन ऐकू येतं. 1968 मध्ये नागरी हक्कांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांनी तेच गायलं. एका माणसाची साक्ष अशी अख्ख्या समाजाची होते. लूक 9:62 मधल्या नांगराला हात घालणाऱ्याच्या वचनावर एक जुनं गाणं होतं. नागरी हक्कांच्या लढ्यात त्याचे शब्द थोडे बदलले आणि ते मोर्च्यांत व तुरुंगांत गायलं गेलं. प्रेषितांची कृत्ये 16:25 मध्ये पौल आणि सीला मध्यरात्री तुरुंगात गातात आणि बाकीचे कैदी ऐकतात. तुरुंगात बसून गाणाऱ्यांना ते वचन समजावून सांगावं लागलं नसणार.

आता तुमचा क्वायर. माझा सल्ला असा की इंग्रजी गाणं बाजूला ठेवा आणि सरावासाठी स्तोत्र 136 ची तीच ओळ घ्या. संथ गॉस्पेलमध्ये चार ठोके असतात आणि प्रत्येक ठोक्याचे तीन भाग. ओळ त्यात अशी बसते: त्या-ऽ-ची, द-या-स, ना-त-न, आ-ऽ-हे. बारा भाग पूर्ण. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर, म्हणजे ‘द’ वर आणि ‘आ’ वर. तुमचं गाणं सपाट वाटण्याचं पहिलं कारण बहुधा इथेच आहे. आपला हात भजनाच्या सवयीने समेवर पडतो आणि पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर टाळी आली की गाणं कवायतीसारखं चालतं. उपाय पायात आहे. पहिल्या ठोक्याला उजवा पाय बाजूला टाका, दुसऱ्याला डावा त्याला टेकवून टाळी. तिसऱ्याला डावा पाय बाजूला, चौथ्याला उजवा टेकवून टाळी. दहा मिनिटं नुसतं एवढंच करा, न गाता.

आवाज तीनच ठेवा: सोप्रानो (बायकांचा उंच), आल्टो (बायकांचा खालचा), टेनर (पुरुषांचा उंच). गॉस्पेल क्वायरमध्ये वेगळा बास (पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज) सहसा नसतो, ते काम ऑर्गनचं पेडल किंवा बास गिटार करते. सा काळी चारला धरा. टेनर ग, आल्टो प, सोप्रानो वरचा सा. दुसऱ्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुळणीला) टेनर म वर आणि आल्टो ध वर जातो, सोप्रानो जागेवरच. कागद देऊ नका. एका गटाला त्याची ओळ गाऊन दाखवा, पक्की झाली की पुढच्या गटाकडे वळा, मग दोन्ही एकत्र. कागद दिला की नजर खाली जाते आणि आवाज घशात अडकतो.

मग गाण्याचा शेवटचा भाग, ज्याला ‘व्हँप’ म्हणतात. एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा येते आणि खरं गॉस्पेल इथे घडतं. ती आधी टेनरने एकट्याने चार वेळा म्हणावी, मग आल्टोने मिळावं, मग सोप्रानोने. नंतर सगळे एक पायरी वर सरकतात: टेनर प, आल्टो वरचा सा, सोप्रानो वरचा ग. तेही मुरलं की सूर अर्ध्या पट्टीने चढवायचा, काळी चारवरून पांढरी सहा, मग काळी पाच. कीबोर्डवाल्याने आधीच्या चौथ्या ठोक्यावर नव्या सा च्या पंचमाची कॉर्ड दिली पाहिजे. ती आली नाही की अर्धा क्वायर चढतो आणि अर्धा खालीच राहतो. म्हणूनच सुरुवात काळी चारपेक्षा वर करू नका. गॉस्पेलचा टेनर आधीच उंच असतो, दोन चढांनंतर पुरुषांचे आवाज फाटतात. दिग्दर्शकाच्या तीन खुणा आधी ठरवून ठेवा: पुन्हा, वर, थांबा.

मुख्य गायकाने व्हँप सुरू होईपर्यंत चाल सरळ ठेवावी. पहिल्याच कडव्यात हरकती सुरू झाल्या, तर पुढे चढायला जागा उरत नाही. हरकतींसाठी भूपाचे पाच सूर पुरेसे आहेत, मधूनच कोमल ग किंवा कोमल नी ला स्पर्श. आपल्याकडची आंदोलित गमक इथे जड होते. क्वायर ‘त्याची दया सनातन आहे’ धरून असताना मुख्य गायकाने अधल्यामधल्या जागांत त्या दयेचे दाखले द्यावेत: आजारातून उठवलं, कर्जातून सोडवलं, रात्र काढली. ते तुमच्याच मंडळीतले, मराठीत. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन आणि अभंग रचले तेव्हा वचन आपल्या लोकांच्या तोंडात बसेल अशाच घडणीत घातलं होतं. अमेरिकन उच्चारांची नक्कल करण्यापेक्षा गॉस्पेलला ते जास्त जवळचं आहे. व्हँप किती वेळा घ्यायचा हे आधी मोजून ठरवू नका. समोरची मंडळी टाळीत आली आणि ओळ स्वतः म्हणू लागली की दिग्दर्शकाने वाद्यं थांबवावीत आणि ती ओळ एकदा नुसत्या माणसांच्या आवाजात होऊ द्यावी.